सात क्रमांकाचा बांध

शके एकोणीसशे चाळीस, अधिक ज्येष्ठ शुद्ध दशमी, गुरुवार, म्हणजे इसवी सन दोन हजार अठराच्या मे महिन्याची चोवीस तारीख. स्थळ यवतमाळ शहर, नागपूर रस्त्यालगतच्या वसाहतीतील उमरीकरांचे अंगण. वेळ सकाळची, कडुनिंबाची सावली अजून फाटकापर्यंत पोचत होती तेव्हाची. या दिवशी व या ठिकाणी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घरंगळलेला पहिलाच काळा दगड चारुदत्त उमरीकराच्या चपलेशी येऊन थांबला, आणि त्याच्या सपाट बाजूवर पिवळ्या तैलरंगात काढलेला सातचा आकडा त्याला दिसला. रंग उडाला होता, आकड्याचे टोक झिजले होते. तथापि तो सातच होता, आणि तो कोणाच्या हुकमाने काढला गेला हे सांगू शकणारा माणूस या शहरात बहुधा एकच असावा.

"थांब! फाळका लाव. लाव म्हणतो ना!"

ट्रॅक्टरवाला पूनमसिंग ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याची अर्धी सुटलेली खिटी दगडाने ठोकून काढत होता. तो तसाच वाकून राहिला. "काय झालं जी? पाय सापडला काय?"

"हे दगड कुठले?"

"आता दगडाले गाव पुसता काय साहेब? काळे हायेत, टनक हायेत. तुमच्या खड्ड्यात दोन पिढ्या बसतीन."

खड्डा चारुदत्ताच्याच आग्रहाने खणला गेला होता. शहरात नळाला पाणी येण्याचा दिवस लोक आता सणासारखा एकमेकांना कळवीत. अंगणातली बोअर होळीपूर्वीच कोरडी पडली होती. आणि गच्चीवरचे पावसाचे पाणी गटारात जाऊ न देता बोअरच्या अंगाशी मुरवावे, ही गोष्ट वसाहतीतल्या प्रत्येक घराला त्याने सविस्तर समजावून दिली होती. ती कोणी ऐकली नाही, हे जमेस धरून त्याने स्वतःच्या अंगणात तरी शोषखड्डा करावयाचे ठरवले. खड्ड्यात खाली मोठे दगड, त्यांवर लहान, वर वाळू. त्यातल्या मोठ्या दगडांची ही ट्रॉली. आणि आता पाणी मुरवण्यासाठी मागवलेल्या दगडांत पाणी अडवण्यासाठी रचलेल्या बांधाचा दगड निघाला होता. एखाद्या सामान्य लेखकाने ही गोष्ट रचली असती तर चारुदत्ताने ती ओढूनताणून केलेली म्हणून बाजूला ठेवली असती. पण दगड समोर होता. त्याने तो उलटा करून पाहिला. खालच्या बाजूला मातीचा पातळ थर अजून चिकटलेला होता.

"हे बोरमाळचे दगड आहेत," तो म्हणाला.

"हो ना जी, बोरमाळचेच. सरपंचानंच उचल म्हनलं. फुकट उचल म्हनलं, मंग मी काहून नाही उचलनार?"

कळंब तालुक्यातल्या बोरमाळची टेकडी त्याला आपल्या तळहाताइतकी परिचित होती. दहा वर्षांपूर्वी कापसाच्या भावाने, आणि त्याहून अधिक कापसाविषयीच्या बातम्यांनी, हा जिल्हा गाजत होता, तेव्हा शासनाने जो पैसा या बाजूस वळवला त्यातला थोडा त्या टेकडीवर आला होता, आणि तो कसा खर्च व्हावा हे पाहण्याचे काम मृदसंधारण खात्याने अधिकारी म्हणून त्याच्याकडे दिले होते. माथ्यापासून पायथ्यापर्यंत नाल्याच्या वाटेत एकाखाली एक असे सुट्या दगडांचे बांध त्याने उभे करून घेतले. प्रत्येक बांधाच्या मधल्या दगडावर क्रमांक रंगवून घेतला, कारण एकच बांध दोन योजनांच्या हिशेबात दाखवण्याची कला त्याने खात्यात पुरेशी पाहिली होती. 'उमरीकर साहेब मेंढरांसारखे दगड डागतात,' असे कनिष्ठ अभियंते चहाच्या टपरीवर म्हणत. त्याला ते कळत असे आणि त्याचे त्याला सुखही वाटत असे. सातवा बांध सर्वांत खालचा, शेताच्या धुऱ्याला, हद्दीच्या कडेला, लागून असलेला. तो मोजताना त्याने फीत स्वतः धरली होती.

त्याची पत्नी रत्नप्रभा हाताला खसखस लागलेली तशीच बाहेर आली. अधिक महिना, लेक प्राची आणि जावई अभिषेक संध्याकाळच्या गाडीने येणार, अनारशांचे पीठ पहाटेपासून तिच्या हाताखाली होते. "आता काय झालं?"

"दगड परत न्यायचे आहेत."

"परत? कुठं?"

"होते तिथे. हे माझे दगड आहेत, रत्ना."

"तुमचे आहेत तर राहू द्या ना इथंच!" ती म्हणाली, आणि पूनमसिंग ट्रॉलीआड तोंड करून हसला. "अहो, जावई संध्याकाळी येऊन राहिले, घरात पाण्याचा थेंब मोजून वापरून राहिलो, अन् तुम्ही खड्ड्यातले दगड डोंगरावर नेऊन टाकायला निघालात. हे कोणाला सांगू मी?"

याचे सयुक्तिक उत्तर त्याच्यापाशी होते. परंतु ते मुळापासून द्यावे लागले असते, आणि मुळापासून ऐकण्याची रत्नप्रभेची तयारी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच संपली होती. त्याने सातचा दगड पूनमसिंगाच्या मदतीने पुन्हा ट्रॉलीत चढवला, आतून चष्म्याचे घर आणले, आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसून तो घराबाहेर पडला. पूनमसिंगाने गळ्यातला दुपट्टा काढून त्याच्याकडे फेकला. "बांधा साहेब डोक्याले. नाही तं तुमालेच परत न्या लागन."

पत्रा तापला होता. ट्रॅक्टरचा थरकाप मांड्यांतून वर चढून दातांपर्यंत येत होता, आणि या थरकापातही चारुदत्त आपला युक्तिवाद जुळवीत होता. कारण दगड सरपंचानेच उचलायला सांगितले हे ऐकताच बोरमाळात काय झाले असावे याचा त्याला अंदाज आला होता आणि तो खरा ठरू नये अशी त्याची इच्छा होती. शासनाने यंदा नवा प्रकल्प आणला होता. त्याच्या नावात हवामान हा शब्द होता, सक्षम हा शब्द होता, आणि निधी पूर्वीच्या कोणत्याही योजनेहून मोठा होता. निवृत्त झालेल्या चारुदत्ताला खात्याने पडताळणीसाठी बोलावले: गाव निवडीस पात्र आहे किंवा नाही, हे जागेवर जाऊन पाहावयाचे आणि लिहून द्यावयाचे. पात्रतेचा पहिलाच नियम असा होता की, पूर्वी शासकीय निधीतून उपचारित झालेले, म्हणजे बांध वा चर घालून पाणी-माती अडवलेले, क्षेत्र या प्रकल्पास अनुज्ञेय नाही. नियमात त्याला काहीच वावगे दिसले नव्हते. ज्या टेकडीवर एकदा पैसा खर्च झाला तिच्यावर पुन्हा तोच खर्च का व्हावा? ज्या गावांना काहीच मिळाले नाही त्यांनी कोठे जावे? सरपंचांच्या बैठकीत हा नियम समजावून सांगण्याचे काम त्याच्याकडे आले, तेव्हा कोणाच्याही मनात शंका उरू नये म्हणून त्याने तो उदाहरणांसह सांगितला. उपचारित म्हणजे काय, तर जेथे उपचार उभा आहे, डोळ्यांना दिसतो आहे. सभागृहात पंखे बंद होते आणि सरपंच रुमालाने वारा घेत होते, तरी त्याने एकही पोटकलम गाळले नाही.

त्याच्या वडिलांची शिकवणच तशी होती. ते न्यायालयात वरिष्ठ लिपिक होते, आणि घरातही अर्धवट वाक्य त्यांना खपत नसे. 'मुळापासून सांग,' असे ते म्हणत; मूल रडत आले तरी, कोणी पडले तरी. चारुदत्त लहान असताना एकदा न्हाणीघरात साप निघाला. तो धावत ओसरीवर आला, आणि वडिलांनी चष्म्यावरून पाहिल्याबरोबर त्याचा श्वास आपोआप जागेवर आला. मग त्याने मुळापासून सांगितले: आईने पाणी तापवले होते, आपण पंचा घेऊन निघालो, दाराची कडी नेहमीप्रमाणे खालीच होती, मोरीच्या तोंडाशी ओलसर काहीतरी हलले असे वाटले, प्रथम ती दोरी असावी असा समज झाला. साप या शब्दापर्यंत निवेदन आले तेव्हा वडील उठले, काठी घेऊन आत गेले, आणि मोरी रिकामी होती. साप भिंतीतल्या बिळात शिरला असावा. त्यानंतर महिनाभर घरातले कोणी न्हाणीघरात निर्धास्तपणे बसले नाही. परंतु वडिलांनी त्या संध्याकाळी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटले होते, 'निवेदन चांगले होते.' तो हात अजूनही, या वयात, ट्रॅक्टरच्या पत्र्यावर, त्याला पाठीवर जाणवला. आणि तो सुखद आहे की जड, याचा निर्णय त्याला करता आला नाही.

कळंब मागे पडले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस नांगरून पडलेली काळी शेते होती आणि धुऱ्यांवर पऱ्हाटीचे, वाळल्या कपाशीच्या काड्यांचे, ढीग. गेल्या हंगामात बोंडअळीने बोंडे आतून खाल्ली तेव्हा बऱ्याच जणांनी उभ्या पिकात गुरे सोडली होती. ते ढीग त्या हंगामाचे.

बोरमाळचा सरपंच कपिल पंचायतीच्या पायरीवर उभा होता. कृषी पदविका घेतलेला, चुणचुणीत, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात दोन पेने. पत्र्यावर बसलेली आकृती ओळखताच तो धावत पुढे आला. "या साहेब, या! पाहनी तं पुढच्या हप्त्यात व्हती. बरं केलं आदीच आले. अन् हे काय, ट्रॅक्टरवर? गाडी नाही दिली काय तुमाले?"

"बांध कुठे आहेत, कपिल?"

"कोन्ते बांध?" कपिल हसला. त्या हसण्यात लपवाछपवी नव्हती, उलट परीक्षेत चांगले गुण मिळवलेल्या मुलाचा आनंद होता. "साहेब, टेकडी एकदम साफ. एक दगड कोनाले दिसनार नाही. वरतून फोटो काढा, खालून काढा."

"तू बांध मोडलेस."

"मोडले कायले म्हनता? मोकळे केले. तुमीच तं सांगतलं ना बैठकीत. उपचार उभा असन तं गाव बसत नाही. इतकं बारीक समजावून सांगतलं तुमी, का आमच्या मनात शंका उरलीच नाही."

चारुदत्ताने दुपट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. "अरे, ते बांध चांगले होते."

"चांगले व्हते तवा आमाले काय भेटलं? ऐका ना साहेब. वरचे बांध ढासळाले लागले, मागच्या पावसाळ्याच्या आदीच्यात. मी तुमच्या खात्याकडं कितीक खेपा अर्ज केला. दोन-चार ट्रॉल्या दगड अन् चार दिवसाची मजुरी, बस. उत्तर काय आलं? नव्या कामाले पैसा हाये, दुरुस्तीले तरतूद नाही. बरं. शेजारच्या गावानं आजवर एक खड्डा खंदला नाही, त्याले यंदा नव्या प्रकल्पात सगळं मंजूर. काहून? तं त्यायनं काहीच केलं नव्हतं म्हनून. मंग मले सांगा, जुन्याले पैसा नाही, नव्याले हाये. आमी जुनं ठेवलंच नाही. याच्यात चुकलं काय?"

या बोलण्यात चारुदत्ताला चूक सापडेना; आणि त्याचा संताप झाला तो नेमका यामुळेच. दोष कोठे तरी असला पाहिजे. त्याने एकेक विधान उचलून पाहिले. एका कामावर दोनदा खर्च करू नये: बरोबर. मर्यादित निधी प्रथम नव्या कामांना द्यावा: बरोबर, किमान समर्थनीय. गावाला निधी मिळावा म्हणून सरपंचाने झटावे: बरोबर, न झटणाऱ्या सरपंचांवर त्याने स्वतः ताशेरे ओढले होते. नियमाचा अर्थ स्पष्ट करावा: बरोबर. इतकी निर्दोष विधाने एकापुढे एक ठेवली असता निष्कर्ष म्हणून उघडी टेकडी हाती यावी, हे तर्कशास्त्राच्या कोणत्या नियमात बसते? सार्वजनिक पैशाचे असे आहे की तो जन्म देतो आणि सांभाळ करीत नाही, असे एक वाक्य त्याच्या मनात तयार झाले. ते त्याला आवडले. आणि ते आवडले याचीच त्याला दुसऱ्या क्षणी चीड आली, कारण त्या वाक्याने एकही दगड जागेवर परतणार नव्हता.

"मला टेकडी दाखव," तो म्हणाला.

ट्रॅक्टर बैलगाडीच्या वाटेने पायथ्यापर्यंत गेला. ज्या वाटेने दगड खाली आले ती वाट चाकांनी आता रुंद केली होती. कपिल मोटारसायकलवर पुढे. चारुदत्त नाल्यातून चालत वर चढू लागला. पहिल्या वळणावरच त्याला ते दिसले, आणि तो थांबला. बांध गेला होता, पण बांधामागे दहा पावसाळ्यांत साचलेली माती तशीच उभी होती, छातीएवढी, सरळ कापलेली, तिच्यातून पवन्या गवताची पांढरी मुळे बाहेर लोंबत होती. तो वाकला आणि त्याने त्या उभ्या मातीत बोटे घातली. वरचा पापुद्रा कडक होता. आत ती गार लागली. मे महिन्यातल्या त्या दुपारच्या तोंडावर, शहरात बादलीवरून भांडणे होत असताना, ही माती आतून ओलसर होती. त्याला वाटले, आपण कोणाच्या तरी तोंडात बोट घातले. त्याने हात काढून घेतला. बोटाबरोबर ढेकूळ सुटले आणि नाल्यात पडून फुटले. याच्या वर असाच एक कापलेला उभा थर, त्याच्या वर आणखी एक, थेट माथ्यापर्यंत. आणि या सगळ्यांना धरून ठेवणारे आता काही नव्हते. वरून पाणी आले की पहिला थर दुसऱ्यावर बसेल, दुसरा तिसऱ्यावर, आणि सगळे मिळून खाली येतील. हे पाहण्यासाठी मोजपट्टी लागत नव्हती. त्याने खाली पाहिले. खाली विमलताईचे शेत होते.

ती नाल्याच्या तोंडाशी, सातव्या बांधाच्या रिकाम्या जागी, पऱ्हाटीच्या पेंढ्या दोरीने बांधून आडव्या रचत होती. पन्नाशी उलटलेली, डोक्यावर पदर घट्ट खोचलेला, हातांवर पऱ्हाटीचे ओरखडे. बांध झाले त्या वर्षी ती याच टेकडीवर मजुरीला होती. शेत तिच्या माहेरचे, भाऊ नाही म्हणून तिच्याकडे आलेले.

तो खाली उतरून तिच्याजवळ आला. "विमलताई, ओळखलं का?"

"ओळखलं ना जी. दगडाले नंबर टाकनारे साहेब तुमी. आमी हासत व्हतो, म्हनलं दगड काय शाळेत घालता काय." तिने पेंढी पायाने दाबली. "हे टिकत नाही, मले मालूम हाये. पन हात थांबत नाही."

"बांध काढायला ग्रामसभेत हात तुम्हीही वर केला होता?"

"केला. सगळ्यायनं केला. मी काय खोटं बोलू? शेततळं देतो म्हने, नवे बांध देतो म्हने, पक्के, जाळीतले. मले लोभ सुटला." ती सरळ उभी राहिली. "बापाच्या टायमाले अर्ध्या वावरात नुसते गोटे व्हते साहेब. नाला यायचा, माती घेऊन जायचा अन् गोटे ठेवून जायचा. बांध झाले अन् माती बसली. मागच्या साली कापूस अळीनं खाल्ला, पन तूर झाली. पाहनी मार्चात व्हती, मंग एप्रिलात म्हनलं, आता मे सरून राह्यला. पानी काय पाहनीसाठी थांबते?"

"काकू, एक पावसाळा काढू ना आपन," कपिल म्हणाला. "दिवाळीनंतर काम सुरू झालं का पाह्यजो तू."

"आपन म्हंजे कोन रे? तुझं वावर सडकेले हाये. काढा लागन मले."

"गावाचा इचार कर ना थोडा!"

"गावात माझं घर नाही काय बाप्पा?"

विमलताईची नजर ट्रॉलीकडे गेली. ती जवळ गेली, फाळक्यावरून आत डोकावली, आणि सातचा दगड वरच होता तो तिला दिसला. तिचा चेहरा एकदम बदलला. "साहेब, हे तं इथलेच दगड. परत आनले तुमी?"

"आणले," चारुदत्त म्हणाला. आणले खरे, पण कशासाठी, याचे उत्तर त्याने वाटेत कोठेही स्वतःला दिले नव्हते.

"मंग उतरवू द्या."

"नाही!" कपिल आडवा आला. "काकू, एक बांध दिसला तं गाव बाद होते. वर्षभर घासलो मी यापायी. साहेब, तुमी सांगा हिले. तुमीच लिहिनार हाये."

तिघेही त्याच्याकडे पाहू लागले. पूनमसिंग इंजिन चालू ठेवून, कपिल हात पसरून, विमलताई एक हात फाळक्यावर ठेवून. चारुदत्ताला काय सांगावयाचे होते ते त्याला संपूर्ण दिसत होते, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. निष्कर्षही दिसत होता: खालचा एकटा बांध निरुपयोगी आहे. वरचे उभे असतात तेव्हा प्रत्येकाकडे पाण्याचा थोडा थोडा भार येतो. वरचे नसतील तर सगळे पाणी आणि सगळी सुटलेली माती या एकाच्या अंगावर येईल, आणि तो दगडांसकट शेतात जाऊन पडेल. तेव्हा दगड उतरवल्याने गावाचा निधीही जाईल आणि शेतही वाचणार नाही. उतरवायचे तर सगळे बांध उभे करायचे, वरून सुरुवात करून. नाही तर एकही नाही. हे सगळे स्पष्ट होते. परंतु ते सांगण्यापूर्वी नियमाचा हेतू सांगणे आवश्यक होते, नाही तर कपिलवर अन्याय झाला असता. नियमाची मर्यादा सांगणे आवश्यक होते, नाही तर विमलताईवर झाला असता. आणि स्वतःचे स्थान काय, हे सांगितल्यावाचून तर काहीच बोलणे शिष्टसंमत नव्हते.

"विमलताई," तो म्हणाला, "या प्रश्नाचा विचार करताना प्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. शासन जेव्हा एखाद्या क्षेत्रासाठी निधी देते, तेव्हा त्यामागे अशी भूमिका असते की ज्या ठिकाणी पूर्वी काही झालेले नाही त्या ठिकाणांना अग्रक्रम मिळावा. ही भूमिका तत्त्वतः अयोग्य आहे असे मला म्हणता येणार नाही. तथापि, दुरुस्तीची तरतूद नसल्यामुळे या भूमिकेतून एक विसंगती उत्पन्न होते, आणि त्या विसंगतीची जबाबदारी केवळ कपिलवर टाकणे—"

"साहेब, डिझेल जळून राह्यलं," पूनमसिंग म्हणाला.

"मला पुरे करू दे. जबाबदारी केवळ कपिलवर टाकणे उचित होणार नाही. आता प्रश्न राहतो तो माझ्या भूमिकेचा. पडताळणी करणारा या नात्याने—"

विमलताईने खालचा एक दगड उचलला आणि खिटीवर हाणला. खिटी उडाली. फाळका खाली आदळला, आणि सात क्रमांकाच्या बांधाचे दगड, पहाटे उचललेले, यवतमाळपर्यंत जाऊन आलेले, नाल्याच्या तोंडाशी धडधडत कोसळले. धुळीचा लोट उठला. धूळ बसली तेव्हा कपिल दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता.

"आता काय लिहान तुमी?" त्याने विचारले. आवाज खाली आला होता.

"जे आहे ते."

"म्हंजे गाव बाद."

कपिल मोटारसायकलला लाथ मारून निघून गेला; वळणावर त्याने एकदा मागे पाहिले, कोणी थांबवते की काय म्हणून.

एवढे झाल्यावर चारुदत्ताने चष्मा काढून खिशात ठेवला, धोतरासारखी विजारीची टोके वर दुमडली आणि तो नाल्यात उतरला. विमलताईने पेंढ्या बाजूला सारल्या. दगड कसे रचायचे हे त्याने आयुष्यभर इतरांना सांगितले होते. आता त्याचे स्वतःचे हात ते करीत होते, आणि त्या हातांना प्रत्येक गोष्ट आठवत होती. मोठा दगड खाली, लांब बाजू काठाच्या आत. टोके दोन्ही काठांत शिरलेली. फटींत चिपा, ठोकून. मध्यभाग किंचित उतरता, पाण्याला वाट म्हणून. घाम डोळ्यांत जात होता. पूनमसिंगही, 'आता माझीबी रोजी गेलीच हाये' असे म्हणत, इंजिन बंद करून हात लावू लागला. विमलताई भराभर दगड देत होती. तिच्या हालचालीत आता सणाच्या दिवसासारखी लगबग होती.

"साहेब, तुमाले येते की जी! मले वाटलं, तुमी नुसते बोलता."

त्याने पुढची चीप फटीत ठोकून बसवली. नीट रचलेला बांध हे जगातल्या सुंदर गोष्टींपैकी एक आहे असे त्याचे मत होते, आणि हा नीट रचला जात होता. वर टेकडीवर उघड्या मातीचे ते उभे थर एकावर एक ऊन खात होते. घरी या वेळी कढईत पहिला अनारसा पडला असेल. अर्ध्या छातीपर्यंत बांध आला आणि दगड संपले. सातचा दगड शेवटी त्याने मधोमध बसवला, आकडा बाहेरच्या बाजूला, पूर्वी होता तसा. विमलताईने दोन्ही तळवे त्यावर ठेवले, जोर लावून हलवून पाहिला. हलला नाही.

"आता टिकन ना साहेब वावर?"

तिच्या कपाळावरून घामाचा ओघळ धुळीतून वाट काढत भुवईपर्यंत आला होता. वरच्या बांधांचे, पाण्याच्या भाराचे, मातीच्या थरांचे सगळे विवेचन चारुदत्ताच्या जिभेवर क्रमाने उभे राहिले. ते बिनचूक होते. न्हाणीघराच्या मोरीचे काळे, ओले तोंड त्याला दिसले.

"नाही," तो म्हणाला. "एकटा बांध टिकत नाही. वावर जाईल."